दिनविशेष : ३० जून
१९९० : 'रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर' या तेरा भागांच्या जपानी ॲनिमेशन मालिकेचा पहिला व्हिडिओ आज विक्रीला आला. मुळात हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. रियो मिझुनो सूत्रधार; बाकीचे कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी बुटका. हे खेळ १९८६ पासून 'कॉम्प्टिक' मासिकात संवादरूपात छापून आले आणि वाचकांनी ते उचलून धरले. त्यातली गाजलेली एल्फकन्या डीडलिट खेळात वठवली होती हिरोशी यामामोतो या पुरुष लेखकाने! लोडॉस बेट ज्या फोर्सेलिया जगात आहे, तिथेच १९८९ चा 'सोर्ड वर्ल्ड' हा खेळही घडतो. त्याला सहा बाजूंचे साधे दोन फासे पुरतात. पेण-रोह्यातल्या घरांत 'व्यापार'च्या डब्यात असतात, तेच.