युद्धकालीन हेलिकॉप्टर-सुटका

रणक्षेत्रात अडकलेल्या किंवा जखमी सैनिकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढण्याची मोहीम. लढाऊ विमानाच्या वैमानिकाला वेग तारतो; इथे वैमानिकाला नेमका तोच सोडावा लागतो. जखमीला आत घेईपर्यंत तो जमिनीलगत, शत्रूला सहज दिसेल असा थांबून राहतो. या कामातले खरे धाडस त्या थांबण्यात आहे.

अशी पहिली सुटका भारतातून निघालेल्या वैमानिकाने केली. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशात जपानी फळीच्या मागे एक छोटे विमान कोसळले. वैमानिक आणि तीन ब्रिटिश सैनिक जंगलात अडकले. अमेरिकी लेफ्टनंट कार्टर हार्मन आसामातील लालाघाट तळावरून सिकोर्स्की वायआर-४बी हेलिकॉप्टर घेऊन डोंगररांगा ओलांडत तिकडे गेले. त्यांच्या हेलिकॉप्टरमध्ये त्यांच्याखेरीज एकच माणूस मावत असे. उष्ण, दमट हवा विरळ असते. पंख्यांना पुरेशी उचल मिळेना आणि इंजिन तापू लागले. दोन सैनिकांना नदीकाठच्या वाळूवर आणल्यावर इंजिन बंद पडले. रात्र तिथेच काढून हार्मन यांनी दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोघांनाही आणले. चार माणसांसाठी चार खेपा. त्यांतल्या प्रत्येक खेपेला परत जाण्याचा निर्णय नव्याने घ्यावा लागला असणार.

हिमालयात उष्णतेची जागा उंची घेते. हवा विरळ ती विरळच. एका इंजिनाचे चीता हेलिकॉप्टर सियाचीनच्या ठाण्यांवर एका वेळी मोजकेच वजन नेऊ शकते, म्हणून वैमानिक इंधनसुद्धा तोलूनमापून भरतात. कारगिल युद्धात चीता हेलिकॉप्टरांनी जखमींना खाली आणले. फ्लाइट लेफ्टनंट गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनीही त्या क्षेत्रात उड्डाणे केली. धोका किती होता हे २८ मे १९९९ रोजी दिसले. तोलोलिंगवर हल्ल्यासाठी गेलेले एमआय-१७ खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि चौघे हवाई सैनिक हुतात्मा झाले.

धोका नेहमी समोरूनच येतो असेही नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाममध्ये एमआय-१७ हेलिकॉप्टरवर आपल्याच दलाचे क्षेपणास्त्र आदळले. मृतांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. हवाई दलाने नंतर ही चूक उघडपणे मान्य केली. अशा प्रसंगी शौर्याच्या गौरवाइतकीच ही कबुलीही महत्त्वाची आहे.

ठाणे जिल्ह्यातील किन्हवली, शहापूर, मुरबाड भागाला हे एमआय-१७ हेलिकॉप्टर शांतताकाळातल्या कामामुळे ओळखीचे झाले. ४ ऑगस्ट २०१९ च्या पुरात खडवलीजवळचे जू-नांदखुरी गाव पाण्याने वेढले गेले, तेव्हा हवाई दलाच्या एमआय-१७ ने तिथून ५८ जणांना बाहेर काढले. गोळीबार नव्हता, पण अरुंद जागा, मुसळधार पाऊस आणि घाबरलेली माणसे यांमुळे हेलिकॉप्टर स्थिर ठेवण्याचे कसब तेच लागले.

कसारा घाटापलीकडे, नाशिकच्या गांधीनगर येथील लष्करी हवाई प्रशिक्षण शाळेत लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक घडतात. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक तिथून लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ हेलिकॉप्टर वैमानिक म्हणून उत्तीर्ण झाल्या.