मोटारीचे 'आयडलिंग' वाढते तेव्हा

पुण्याहून जुन्या महामार्गाने लोणावळ्याकडे निघालेल्या मोटारीचा वेग कामशेतला आपोआप कमी होतो. बाजारपेठेत गर्दी असते, पवनानगरकडे जाणारी वाहने वळत असतात आणि अनेकांना चहासाठीही थांबायचे असते. जुन्या छोट्या मोटारीतील एक दोष नेमका अशा ठिकाणी उघड होतो. गिअर न्यूट्रलमध्ये आहे, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढलेला आहे, तरीही इंजिन शांत होत नाही. महामार्गाच्या वेगात कानांवर न पडलेला हा चढा आवाज थांबल्यावर मात्र शेजारच्या टपरीवरील माणसालाही ऐकू जातो.

बहुतेक वाहनधारक याचा हिशेब पेट्रोलमध्ये करतात. जास्त इंधन जळते, हे खरेच आहे. पण कामशेतपासून लोणावळा अवघे पंधरा-सोळा किलोमीटर आहे आणि त्यापुढे खंडाळ्याचा घाट सुरू होतो. लोणावळा ते खोपोली या टप्प्यात रस्ता पाचशे मीटरहून अधिक खाली उतरतो. उतारावर खालच्या गिअरमधील इंजिनाने मोटारीला मागे ओढून धरावे, ही घाटातील सुरक्षिततेची मूळ व्यवस्था. आयडलिंग वाढलेले इंजिन मागे ओढण्याऐवजी मोटारीला पुढे रेटू लागते. सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक हळूहळू निकामी होत जातात. त्यामुळे या दोषाचे निदान घाटाच्या अलीकडेच झालेले बरे.

प्रथम आयडलिंग खरोखरच वाढले आहे काय, हे ठरवावे लागते. छोट्या पेट्रोल मोटारीचे तापलेले इंजिन साधारणपणे मिनिटाला ७५० ते ९५० फेरे घेते. नेमका आकडा वाहनाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. मावळातील हिवाळ्याच्या सकाळी थंड इंजिन १२०० ते १५०० फेऱ्यांनी सुरू झाले, तर तो दोष नव्हे. काही मिनिटांत ते खाली यायला हवे. वातानुकूलन यंत्र सुरू असतानाही फेरे थोडे वाढवलेले असतात. म्हणून इंजिन पूर्ण तापल्यावर, वातानुकूलन आणि दिवे बंद करूनच परीक्षा घ्यावी. जुन्या छोट्या मोटारींच्या डॅशबोर्डवर बहुधा टॅकोमीटर नसतो. अशा वेळी सपाट, मोकळ्या रस्त्यावर पहिला गिअर टाकून क्लच सावकाश सोडावा. अ‍ॅक्सिलरेटर न दाबता मोटार चालणाऱ्या माणसाच्या बरोबरीने सरकली तर आयडलिंग ठीक आहे. तिच्याबरोबर राहण्यासाठी माणसाला धावावे लागत असेल, तर बॉनेट उघडण्याची वेळ आली.

या वर्गातील सर्वांत परिचित मोटार म्हणजे अर्थातच मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या या मोटारीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. भारत स्टेज चारचे निकष लागू झाल्यामुळे पुण्यासह तेरा शहरांत तिची विक्री एप्रिल २०१० पासूनच बंद झाली होती. त्यामुळे पुण्यात नोंदलेल्या आणि आजही धावणाऱ्या ८०० मोटारी पंधरा वर्षांच्या घरात किंवा त्यापुढे गेलेल्या आहेत. या मोटारींमध्ये दोन पिढ्या आढळतात. जुनीत कार्ब्युरेटर, तर नंतरच्या पिढीत 'एमपीएफआय' म्हणजे इंधन फवारणारी प्रणाली. निदानाची वाट दोन्हींत थोडी वेगळी आहे. पण दोन्हींत विचारायचा प्रश्न एकच: इंजिनात जादा हवा कोठून शिरते आहे?

पहिला संशय थ्रॉटलच्या झडपेवर घ्यावा. पायाखालची जाड चटई पेडलखाली अडकणे, हे कारण हास्यास्पद वाटले तरी विरळा नाही. त्यानंतर अ‍ॅक्सिलरेटरची केबल. मावळातल्या पावसात वर्षानुवर्षे भिजलेली केबल आवरणाच्या आत गंजते आणि पेडल सोडले तरी पूर्ण मागे जात नाही. हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून थ्रॉटलचा दांडा हाताने बंद दिशेला हलकेच दाबावा. बाही किंवा ओढणी पंख्यापासून दूर ठेवावी. फेरे लगेच उतरले, तर दोष केबलमध्ये, स्प्रिंगमध्ये किंवा झडपेभोवती साचलेल्या काजळीत आहे. कार्ब्युरेटरच्या मोटारीत चोकची मूठ पूर्ण आत गेली आहे का, हेही पाहावे. मूठ आत गेली तरी तिची केबल अडकून राहू शकते.

झडप पूर्ण बंद असूनही फेरे चढेच असतील, तर हवा दुसऱ्या वाटेने येत आहे. इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो आणि त्याला जोडलेल्या रबरी नळ्या उष्णतेने कडक होऊन तडकतात. गळती मोठी असेल तर बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. नसेल, तर एकेक नळी पकडीने हलकेच दाबून पाहावी; जी दाबल्यावर फेरे उतरतात, त्या वाटेवर गळती आहे. गॅस्केटच्या सांध्यावर साबणाचे पाणी थोडे फवारले तरी फेऱ्यांत फरक पडतो. त्यासाठी पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर मारण्याची गॅरेजमधील पद्धत तापलेल्या इंजिनावर आगीला निमंत्रण देणारी आहे. कार्ब्युरेटरच्या इंजिनात अशी बारीक गळती असेल तर मिश्रण पातळ होते आणि इंजिन चढण्याऐवजी अडखळते. मॅनिफोल्डमधील दाब मोजणाऱ्या सेन्सरवर चालणाऱ्या एमपीएफआय मोटारींत मात्र संगणक वाढलेला दाब पाहून त्या हवेच्या जोडीला इंधनही देतो, आणि इंजिन सुरळीतपणे, पण जोरात फिरू लागते. आवाज स्वच्छ असल्यामुळे मालकाला संशय येत नाही.

या नळ्यांपैकी सर्वांत जाड नळी ब्रेकच्या बूस्टरकडे जाते. ती किंवा बूस्टरचा आतील पडदा फाटला, तर एकाच दोषातून दोन परिणाम होतात: आयडलिंग वाढते आणि ब्रेकचे पेडल जड होते. घाटासाठी याहून वाईट जोडी नाही. याची परीक्षा मात्र कोणालाही करता येते. इंजिन बंद ठेवून ब्रेकचे पेडल चार-पाच वेळा दाबावे. ते कडक झाले की पाय तसाच दाबून धरून इंजिन सुरू करावे. बूस्टर ठीक असेल तर पेडल पायाखाली किंचित खाली जाते. ते गेले नाही, किंवा ब्रेक दाबताना पायाजवळ फुसफुस ऐकू आली, तर मोटार पुढे नेऊ नये.

एमपीएफआय मोटारीत आणखी काही शक्यता उरतात. थ्रॉटलला वळसा घालून हवा सोडणारा आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकतो. त्याची सफाई हा बहुधा पुरेसा उपाय असतो. कूलंटचे तापमान सांगणारा सेन्सर बिघडला, तर संगणक इंजिन थंडच आहे असे समजून फेरे आणि पेट्रोल दोन्ही वाढवून ठेवतो. कूलंटची पातळी खाली गेल्याने सेन्सर कोरडा पडला तरीही तेच घडते, आणि हे अधिक गंभीर आहे, कारण घाट चढताना तेच इंजिन उकळेल. पातळी तपासताना गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. बॅटरी नुकतीच काढून बसवली असेल किंवा थ्रॉटल नुकतेच साफ केले असेल, तर आयडलिंग काही काळ चढे राहू शकते. संगणक नवी स्थिती शिकून घेतो. चांगल्या दुरुस्तीनंतर गॅरेजवाल्याला बोल लागतो तो अनेकदा यामुळेच.

या सर्व शोधाला टाळणारा एक सोपा मार्ग आहे आणि तोच सर्वाधिक वापरला जातो. आयडलिंगचा स्क्रू फिरवायचा, फेरे उतरले की पैसे घ्यायचे. हा स्क्रू सुस्थितीतील इंजिनाच्या शेवटच्या सूक्ष्म जुळणीसाठी असतो. गळती तशीच ठेवून तो फिरवला, तर आवाज कमी होतो; बूस्टरची फाटलेली नळी फाटलेलीच राहते. 'पीयूसी' चाचणीतही हे उघडे पडू शकते, कारण पेट्रोल वाहनांचा धूर आयडलिंगवरच मोजला जातो. भारत स्टेज दोन व तीनच्या मोटारींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के, तर त्याआधीच्या चारचाकींसाठी ३ टक्के आहे. पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीच्या वेळीही हे प्रमाणपत्र लागते.

चालत्या मोटारीत अ‍ॅक्सिलरेटर अडकून वेग अचानक वाढू लागला, तर क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणावा आणि ब्रेक लावत मोटार कडेला घ्यावी. ती थांबल्यावरच इंजिन बंद करावे. चालत असताना किल्ली काढून घेतल्यास स्टीअरिंगला कुलूप लागण्याचा धोका असतो. एरवी मात्र उतारावर न्यूट्रल किंवा बंद इंजिन कधीही नको.

आणि बूस्टरच्या परीक्षेत मोटार कामशेतलाच नापास झाली, तर ती तेथील गॅरेजमध्ये ठेवून पुढचा प्रवास आगगाडीने करणे शक्य आहे. पुणे-लोणावळा लोकल कामशेत स्थानकावर थांबते.