यंत्राचा चिटणीस : प्रॉम्प्ट-लेखनाचा छोटा इतिहास

१/ नागपूरच्या महाल भागातील चिटणवीस वाडा एका जुन्या पदाचे नाव जपून आहे. भोसल्यांच्या दरबारात चिटणवीस राज्याचा पत्रव्यवहार सांभाळी. हेतू धन्याचा, मजकूर चिटणिसाचा. आज हेच काम यंत्राला शिकविले जात आहे. हा धागा त्याविषयी.

२/ भाषा-मॉडेलला दिलेली लेखी सूचना म्हणजे प्रॉम्प्ट. तिचे शब्द बदलले की उत्तरही बदलते. २०२२ मध्ये टोकियो विद्यापीठ व गूगल येथील संशोधकांनी गणिताच्या प्रश्नांना ‘टप्प्याटप्प्याने विचार करू’ अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्य जोडले. एका चाचणीत अचूकता १७.७ वरून ७८.७ टक्क्यांवर गेली.

३/ हे वाक्य माणसाला सुचलेले. असे शब्द यंत्राकडूनच शोधून घेण्याचा एक प्रयत्न २०२० मध्ये ‘ऑटोप्रॉम्प्ट’ने केला होता. २०२२ च्या ‘आरएलप्रॉम्प्ट’ने तर एका लहान मॉडेलला प्रॉम्प्ट लिहिण्याची तालीम दिली. ते सूचना लिही, दुसरे मॉडेल ती पाळी, निकालाला गुण मिळत. गुण मिळवून देणारी सवय पक्की होई.

४/ त्यातून एक विलक्षण गोष्ट दिसली. उत्तम गुण मिळविणारे कित्येक प्रॉम्प्ट व्याकरणाला सोडून होते, माणसाला निरर्थक वाटावेत असे. तरीही एका मॉडेलसाठी घडविलेले प्रॉम्प्ट दुसऱ्या मॉडेलवर चालले. बक्षीस गुणांना होते. अर्थ कोणी मागितलाच नव्हता.

५/ २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडच्या ‘ओप्रो’ने निराळी वाट धरली. मॉडेलला जुने प्रॉम्प्ट व त्यांचे गुण दाखवून अधिक चांगला प्रॉम्प्ट लिहावयास सांगितले. शालेय गणिताच्या चाचणीत, दीर्घ श्वास घेऊन टप्प्याटप्प्याने सोडविण्यास सांगणाऱ्या त्याच्या वाक्याला ८०.२ टक्के गुण मिळाले. माणसाच्या वाक्याला ७१.८.

६/ ती चाचणी इंग्रजी होती. २०२२ मध्येच तिच्यातील २५० प्रश्न दहा भाषांत उतरविले गेले होते. त्यांत बंगाली व तेलुगू होत्या, मराठी नव्हती. २०११ च्या जनगणनेत मराठी भाषक सुमारे ८.३ कोटी, तेलुगू भाषकांहून अधिक.

७/ चिटणिसाचा मजकूर धनी ऐकून दुरुस्त करू शके. यंत्राच्या चिटणिसाचा धनी म्हणजे चाचणी. चांगले मराठी कोणते, हे पारखणारे प्रश्न आणि परीक्षक मराठी भाषकांनी उभे केले नाहीत, तर आपला चिटणीस परक्या भाषेच्या गुणांवर घडेल.