काउंट सुधारतात, घर सावरत नाही

मुलांच्या कर्करोगांत सर्वाधिक आढळणारा आजार म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. उपचार दोन ते तीन वर्षे चालतात: सुरुवातीला महिनाभर जोरदार केमोथेरपी, मग काही महिने तीव्र टप्पे आणि अखेरीस मुख्यतः गोळ्यांवरचा दीर्घ काळ. बहुतेक मुलांत पहिल्या महिन्याअखेरीसच रोगपेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसेनाशा होतात. रोग इतक्या लवकर हटतो. भीती त्याच्याबरोबर हटत नाही.

पहिल्या महिन्यात या भीतीला किमान काम तरी असते. तापमान बघायचे, ‘काउंट किती आले?’ म्हणजे रक्तपेशींची संख्या विचारायची, उपचारातल्या स्टेरॉइडमुळे रात्री दोनला भात मागणाऱ्या, एरवी शांत असलेल्या मुलाची चिडचिड सोसायची. आई मुलाबरोबर मुंबईत परळच्या कर्करोग रुग्णालयात, वडील गावी मजुरीवर, थोरली बहीण आजीकडे. या बहिणीची नोंद कोणत्याच केसपेपरवर नसते.

मुलासमोर आजाराचे नाव काढायचे नाही, हा आपल्याकडचा अलिखित नियम. मानवशास्त्रज्ञ मायरा ब्लूबॉण्ड-लँगनर यांनी अमेरिकेतील ल्युकेमियाग्रस्त मुलांबरोबर राहून केलेला अभ्यास 1978 साली प्रसिद्ध झाला. मरण जवळ आल्याचे या मुलांना कोणी न सांगताही कळलेले होते. आईवडिलांना सांभाळण्यासाठी ती अजाणतेपणाचे सोंग घेत होती. म्हणजे लपवण्याने मुलाचे ओझे हलके होत नाही. ते त्याला एकट्याने वाहावे लागते.

मानसशास्त्रज्ञ ॲन काझॅक आणि सहकाऱ्यांचा 1997 चा अभ्यास मला याहून महत्त्वाचा वाटतो. ल्युकेमियातून बरी झालेली मुले आघातोत्तर ताणाच्या लक्षणांत इतर मुलांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. त्यांचे आईवडील मात्र इतर पालकांपेक्षा स्पष्टपणे जास्त ग्रासलेले होते. कारण उघड असावे. लहान मुलाला सुई दुखते आणि ते विसरून जाते. पालकाने त्याच सुईमागे मृत्यूची शक्यता पाहिलेली असते.

म्हणूनच उपचार संपण्याचा दिवस फसवा असतो. नातेवाईक पेढे मागतात, पण घरात धास्ती वाढते: रोज रोगाशी लढणारी गोळी आता बंद झाली, रक्ततपासण्या लांबल्या. गुडघ्यावर काळानिळा डाग दिसला की खेळताना पडल्याचा आहे की आजार परतला, हे ठरवायला जवळ डॉक्टर नसतो. समुपदेशकाची भेट बहुधा निदानाच्या आठवड्यात घडवली जाते. त्या आठवड्यात पालकांच्या कानावर पडलेले फारसे मनात उतरत नाही. दुसरी भेट शेवटच्या गोळीनंतर दोन-तीन महिन्यांनी ठरवावी, आणि त्या भेटीला थोरल्या बहिणीलाही बोलवावे.