मोठी अंडी, छोटी कोळंबी

घरच्या काचेच्या टाकीत गोड्या पाण्यातली कोळंबी हौसेने पाळण्याची रीत जेमतेम चार दशकांची आहे. त्याआधी टाकीत कोळंबी नव्हती असे नाही, पण ती मोठ्या माशांचे जिवंत खाद्य म्हणून येई, नाहीतर पाणवनस्पतींबरोबर चुकून आलेली असे. आज जपान, तैवान आणि जर्मनीत निव्वळ कोळंबीच्या टाक्या आहेत, तिच्या रंगाची प्रतवारी लावली जाते, स्पर्धा भरतात, आणि चांगल्या वाणाची पैदास हा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. हे कसे घडले याची नेहमी सांगितली जाणारी हकिकत दोन जपानी माणसांभोवती फिरते: ताकाशी अमानो आणि हिसायासु सुझुकी. दोघांचे श्रेय खरे आहे आणि ते कमी करण्याचा माझा हेतू नाही. तरीही या इतिहासाचा निर्णायक धागा मला माणसांच्या प्रतिभेत दिसत नाही. कोणती कोळंबी कायमची चाकर राहिली आणि कोणती माणसाने घडवलेला वाण बनली, हे ठरवले मादीच्या पोटाखालच्या अंड्यांनी. ती बारीक आणि हजारो आहेत की मोठी आणि मोजकी, यावर पुढचे सगळे अवलंबून होते.

सुरुवात चाकरीपासूनच करायला हवी, कारण टाकीतल्या बिनमाशांच्या जिवांना पहिल्यापासून तीच जागा मिळाली. १८४९मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या टाकीत गोल्डफिशची जोडी आणि व्हॅलिस्नेरियाचे रोप एकत्र ठेवून पाहिले. झाड प्राणवायू पुरवील आणि मासे जगतील, हा त्यांचा हिशेब होता. हिशेब बरोबर होता, पण पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी डबक्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजके भाग खाल्ले, पाणी निवळले, आणि पुढच्याच वर्षी हा प्रयोग त्यांनी केमिकल सोसायटीपुढे मांडला. घरगुती मत्स्यपेटीचा पाया या प्रयोगाने घातला, आणि त्या पायातच कामाची वाटणी होती: मासा बघायचा, झाड प्राणवायूसाठी, तिसरा जीव सफाईसाठी. पुढची सव्वाशे वर्षे या तिसऱ्या जागेकडे कुणी कौतुकाने पाहिले नाही.

या जागेवर कोळंबी आणली ती अमानो यांनी. १९५४मध्ये निइगाता प्रांतात जन्मलेला हा माणूस आधी व्यावसायिक सायकलपटू होता, मग निसर्गाचा छायाचित्रकार झाला, आणि १९८२मध्ये त्याने अ‍ॅक्वा डिझाइन अमानो ही कंपनी काढली. त्याच्या टाक्यांत मासे दुय्यम होते. दगड, लाकूड आणि दाट पाणवनस्पती यांतून एक अख्खा देखावा उभा करायचा हे त्याचे ध्येय होते. त्यासाठी प्रखर उजेड हवा, पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडायला हवा, खत हवे. आणि नव्या टाकीचा तोल जरा ढळला की ज्या गोष्टींनी झाड वाढते त्याच गोष्टींनी शेवाळही फोफावते. बारीक पानांत गुंतलेले तंतूंसारखे शेवाळ हाताने काढता येत नाही. शेवाळ खाणारे निरनिराळे जीव आजमावत अमानो ‘यामातो नुमाएबी’पाशी पोचले. ही दोन इंचांच्या आतली, जवळजवळ पारदर्शक, अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी असलेली कोळंबी जपानच्या नद्यांतलीच. शास्त्रीय नाव कॅरिडिना मल्टिडेंटाटा. पुढच्या पायांच्या टोकांवर केसांचे छोटे कुंचले असतात. त्यांनी ती पान खरवडत राहते, एक पाय तोंडाकडे आणि दुसरा पानाकडे, आणि हे काम क्षणभरही थांबत नाही. अमानो यांची पुस्तके १९९०च्या दशकात इंग्रजीत आली, त्यांतल्या छायाचित्रांनी युरोप-अमेरिकेतल्या शौकिनांना भुरळ घातली, आणि तिकडे या कोळंबीला त्यांचेच नाव पडले.

इतकी मागणी असलेल्या प्राण्याची पैदास घरोघर व्हायला हवी होती. ती झाली नाही. आजही बाजारात मिळणारी अमानो कोळंबी बहुतांशी नद्यांतून पकडलेली असते. कारण साधे आहे. तिची मादी हजाराच्या घरात अंडी वाहते, प्रत्येक अंडे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा अंड्यात पिल्लाला पुरेल इतका बलक मावत नाही. त्यामुळे बाहेर पडते ती पूर्ण कोळंबी नसते, तरंगणारी अळी असते. नदी तिला समुद्राकडे वाहून नेते, तिथे खाऱ्या पाण्यात ती सूक्ष्म शेवाळ खाते, वारंवार कात टाकते, आणि महिना-दीड महिन्याने कोळंबीचे रूप घेऊन प्रवाहाविरुद्ध पुन्हा नदीत चढते. गोड्या पाण्याच्या टाकीत तिच्या अळ्या थोड्याच दिवसांत मरतात. कोकणातल्या वाचकाला हे चक्र परके नाही. आपल्या नद्यांतला मोठा झिंगाही अंडी फुटायच्या वेळी खाडीच्या मचूळ पाण्याकडे उतरतो. त्याच जातीच्या अळ्यांना मचूळ पाणी लागते हे शाओ-वेन लिंग यांनी पेनांगमध्ये १९६०च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले, हवाईत ताकुजी फुजिमुरा यांनी त्यावरून मोठ्या प्रमाणावर पिल्ले तयार करण्याची पद्धत बसवली, आणि झिंग्याची शेती जगभर उभी राहिली. म्हणजे ज्ञान होते. पण अळ्यांचे संवर्धनकेंद्र चालवायला ताटात जाणाऱ्या झिंग्याचा बाजार लागतो. शेवाळ खाणाऱ्या चाकरासाठी तो खटाटोप कुणी केला नाही.

आता दुसरी बाजू पाहू. दक्षिण चीन आणि तैवानच्या ओढ्यांत निओकॅरिडिना डेव्हिडी नावाची मळकट तपकिरी, नजरेत न भरणारी कोळंबी राहते. मादी जेमतेम इंचभर. तिच्या पाठीवर, कवचाखाली, अंडाशय पिवळसर-हिरवा दिसू लागला की पाळणारे म्हणतात, सॅडल धरला. मग ती कात टाकते, तिच्या गंधाने टाकीतले सगळे नर सैरभैर होऊन वर-खाली पोहत सुटतात, आणि मीलनानंतर अंडी पोटाखालच्या पायांशी येऊन चिकटतात. ती असतात वीस-तीस, पण एकेक अंडे मिलिमीटरभराचे. तीन-चार आठवडे मादी ते पाय हलवत अंड्यांना वारा घालते. शेवटी शेवटी अंड्याच्या पातळ कवचातून दोन काळे डोळे दिसू लागतात. बाहेर पडते ते दोन मिलिमीटरचे, पण अंगोपांग पूर्ण असलेले पिल्लू: जन्मल्या दिवसापासून शेवाळ खाणारे, समुद्राची गरज नसलेले, दोन-अडीच महिन्यांत स्वतः वयात येणारे. एका वर्षात तीन-चार पिढ्या एकाच टाकीत, माणसाच्या नजरेसमोर. तैवानी पैदासकारांनी यातून लाल चेरी कोळंबी काढली, आणि त्याच एका जातीतून पुढे पिवळे, निळे, केशरी, चॉकलेटी वाण आले. हे सगळे रंग निवडीने टिकतात याचा पुरावा कुणालाही पाहता येतो: दोन-तीन रंग एका टाकीत सोडून दिले की काही पिढ्यांत संतती पुन्हा ओढ्यातल्या तपकिरीकडे वळते.

इथे सुझुकींच्या दाखल्यावरून एक आक्षेप उभा राहतो, आणि तो वजनदार आहे. १९९०च्या दशकात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या ‘बी’ कोळंबीच्या कळपात त्यांना एक लाल-पांढरी दिसली. पुढे त्यांनी त्यातून ‘क्रिस्टल रेड’ हा वाण घडवला, ज्याच्यावर कोळंबीची प्रतवारी, स्पर्धा आणि चढ्या किमती यांचे सगळे जग उभे राहिले. तो डोळा नसता तर ती लाल कोळंबी इतरांसारखीच येऊन मरून गेली असती. मग श्रेय अंड्याला कसे? उत्तर रंगाच्या आनुवंशिकतेत आहे. हा लाल रंग अप्रभावी आहे. एक लाल आणि एक काळी यांची सगळी पिल्ले काळीच दिसतात. त्या पिल्लांचा आपसांत संकर केला तरच पुढच्या पिढीत चारांतले एक लाल निघते. म्हणजे पहिले लाल पिल्लू परत दिसेपर्यंत दोन पिढ्या निर्धोक वाढायला हव्यात, आणि पांढरा रंग दाट करायचा तर त्यानंतर कितीतरी. ‘बी’ कोळंबीची अंडी मोठी आणि मोजकी आहेत, म्हणून हे एका घरात, साध्या गोड्या पाण्यात शक्य झाले. हजारो अमानो कोळंब्यांत असा एखादा वेगळा रंग निघालाच नसेल असे मानायला मला आधार दिसत नाही. निघाला असेल तरी तो एका पिढीत संपला. सुझुकींचा डोळा आवश्यक होता. पण ज्या प्राण्यात पुढची पिढी काचेत जन्मते, त्याच प्राण्यात त्या डोळ्याला काम मिळते. या सगळ्यात विज्ञान मागेच राहिले, हेही नोंदवायला हवे. ज्या रानटी जातीतून हा वाण आला तिचे कॅरिडिना लोगेमानी म्हणून रीतसर वर्णन झाले २०१४मध्ये. तोवर तिच्या लाल संततीचा व्यापार जगभर पसरलेला होता.

दुसरा आक्षेप असा की अमानो कोळंबीचीही घरी पैदास करणारे लोक आहेत. आहेत, आणि त्यांच्या चिकाटीला दाद द्यावी लागेल: अळ्या काढून खाऱ्या पाण्यात ठेवायच्या, त्यांच्यासाठी सूक्ष्म शेवाळ वाढवायचे, आणि रूपांतर झाले की नेमक्या वेळी गोड्या पाण्यात परत आणायचे. पण दर पिढीला हे सगळे नव्याने करावे लागत असेल तर निवडीचा वेग मंदावतो, आणि वाण घडायला वेगच लागतो. पंख्यासारख्या हातांनी पाण्यातले कण गाळून खाणारी बांबू कोळंबी हाही असाच दाखला. दिसायला देखणी, दुकानात नेहमी असणारी, तरी तिचे वाण नाहीत, कारण तिच्याही अळ्यांना मचूळ पाणी लागते. उलट बाजूने कुणी म्हणेल, झिंग्याच्या मॅक्रोब्रॅकियम या वंशात मोठी अंडी घालणाऱ्या काही जाती आहेत, त्या का लोकप्रिय झाल्या नाहीत? त्या आपसांत मारामारी करतात, लहान मासे पकडतात, दाटीवाटीने राहू शकत नाहीत. तेव्हा मोठे अंडे पुरेसे नाही हे मी मान्य करतो. ते अपरिहार्य आहे, एवढाच माझा दावा आहे. स्पंज फिल्टर, आम्लधर्मी माती, आरओचे पाणी यांनी काम सोपे केले. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात टाकी तिशीपार जाते तेव्हा ‘बी’ कोळंबी जगवायला गारवा देणारे यंत्रही लागते. चेरी मात्र थोडा जास्त उकाडा सोसते, म्हणून आपल्याकडे नवखा पाळणारा तिच्यापासूनच सुरुवात करतो. या साधनांनी पैदास सुकर केली, पण अमानोच्या अळीला समुद्र सोडायला एकाही साधनाने लावले नाही.

समुद्राशिवाय वाढण्याच्या याच गुणाने चेरीला टाकीबाहेरही पाय रोवू दिले. हवाईतल्या ओआहू बेटावरच्या ओढ्यांत निओकॅरिडिना स्थिरावल्याची नोंद १९९९मध्ये प्रसिद्ध झाली. २०१३मध्ये जर्मनीच्या गिलबाख ओढ्यातून ती नोंदली गेली. वीजकेंद्राच्या कोमट पाण्यामुळे तो ओढा हिवाळ्यातही थंडगार पडत नाही. तिच्यासोबत तिथे मॅक्रोब्रॅकियम डेयानमही सापडली, आणि ही मुळात भारतीय उपखंडातली कोळंबी. अंडी मोठी, अळीचा टप्पा नाही, समुद्राची गरज नाही: कुणी एक अंडेवाली मादी ओढ्यात सोडली तरी वसाहत उभी राहू शकते. सुलावेसीच्या मातानो तलावात याच्या अगदी उलट घडते आहे. तिथली गडद लाल अंगाची, पांढऱ्या ठिपक्यांची कॅरिडिना डेनर्ली २००७च्या सुमारास शौकिनांपर्यंत पोचली आणि २००९मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले. हीसुद्धा मोजक्या मोठ्या अंड्यांची, म्हणून जगभरच्या टाक्यांत तिची पैदास होते. तलावात मात्र ती अत्यंत धोक्यात आहे, आणि तिथे शिरलेल्या परक्या माशांत फ्लॉवरहॉर्न आहे, म्हणजे मत्स्यपेटीसाठीच माणसाने संकरातून बनवलेला मासा. टाक्यांतल्या पैदाशीमुळे जात वाचली असे काही पाळणारे म्हणतात. मला ते घाईचे वाटते. जी टाकी रंगासाठी निवड करते आणि कोणती मादी कुठून आली याची वही ठेवत नाही, तिच्यातून काही पिढ्यांनी निघणारा प्राणी मातानोच्या खडकांवर परत नांदू शकेल याची खात्री देता येत नाही. तशी वही ठेवणे अवघड नाही: मादीचे मूळ, टाकी, पिढी आणि तारीख लिहिली की झाले. सुलावेसीची कोळंबी पाळणाऱ्या प्रत्येक घरात ती आजपासून सुरू व्हायला हवी.