आकाशमार्गाचे दफ्तर

बोर नदीच्या परिसरात, वर्धा-नागपूर रस्त्यावर वसलेल्या सेलूचे नाव विमानविद्येच्या अथवा राष्ट्रसंरक्षणाच्या इतिहासग्रंथांत कोणी शोधावयास जाणार नाही, आणि गेलाच तर बहुधा रिक्तहस्ते परतेल. अशा ग्रंथांपैकीच एक, दुसऱ्या महायुद्धातील हिंदी सैन्याची इतिहासमाला, ज्यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झाली, ते प्राध्यापक बिशेश्वर प्रसाद खरोखर मोठ्या उंचीचे अभ्यासक. फाळणी होऊन दोन्ही राज्यांच्या फौजा परस्परांसमोर उभ्या ठाकल्यावरही त्यांची इतिहास-कचेरी भारत आणि पाकिस्तान यांची संयुक्तच राहिली, ही गोष्ट आज कोणास खरीही वाटू नये! त्या मालेतील, एस. सी. गुप्ता यांनी लिहिलेला वायुदलाचा खंड १९६१ साली प्रसिद्ध झाला. तो १९४५ पाशी थांबतो.

विमाने मात्र थांबली नाहीत. युद्धात सैनिक आणि रसद वाहिलेली डाकोटा विमाने पुढे मुलकी कामावर रुजू झाली, आणि ३० जानेवारी १९४९ पासून, रफी अहमद किडवाई दळणवळण खात्याचे मंत्री असताना, मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली टपालविमाने नागपुरास एकत्र येऊन, तेथे थैल्यांची अदलाबदल करून, आपापल्या शहरी परत फिरण्याचा शिरस्ता पडला. मुंबईहून येणाऱ्या विमानाची सरळ वाट वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागावरून जाते. म्हणजे १९७३ साली हा शिरस्ता संपेपर्यंत, सेलूकर निद्राधीन असता, त्यांच्या मुलखावरून देशाचा पत्रव्यवहार जात होता.

जमिनीवरचा मजकूर तर अधिकच विलक्षण. ज्या वर्ध्यात १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिश सत्ता संपुष्टात आणण्याचा ठराव केला, त्याच जिल्ह्यात, पुलगावी, लष्कराचे दारूगोळ्याचे विस्तीर्ण कोठार आहे. ३१ मे २०१६ च्या आगीने ते साऱ्या देशास ठाऊक झाले. वर्ध्याजवळच्या गांधीजींच्या अहिंसेच्या आश्रमाचा इतिहास आणि या कोठाराचा इतिहास एकाच लेखणीने लिहावा, असे मला फार दिवस वाटत आले आहे. दोन निरनिराळ्या कपाटांत ठेवलेला हा इतिहास माझ्या मते अर्धाच आहे.

सैन्याची कागदपत्रे सर्वांस खुली नसतात, हे मान्य. पण टपालाची आहेत, आणि ती आपल्या माळ्यावर आहेत. सेलू, केळझर, हिंगणी या गावी ज्यांच्या घरी १९४९ ते १९७३ या चोवीस वर्षांतली जुनी पाकिटे असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी त्यांवरील शिक्के आणि तारखा एकदा उतरवून घ्याव्यात.