आजारपणात विमा पॉलिसी विकावी का? सही करण्याआधी हे वाचा

शिरपूर : घरातल्या कर्त्या माणसाला कॅन्सर किंवा किडनीचा आजार निघाला, की धुळे-नाशिकच्या फेऱ्या सुरू होतात. आधी हातातले पैसे संपतात, मग दागिने गहाण पडतात. शेवटी कपाटातली विमा पॉलिसी आठवते. अशा वेळी कुणीतरी सांगतं, "पॉलिसी माझ्या नावावर करून द्या, रोख पैसे देतो." असं करता येतं का? आणि करावं का?

कायदा काय म्हणतो?

विमा कायदा १९३८ च्या कलम ३८ नुसार पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर करता येते. याला असाइनमेंट म्हणतात. पॉलिसीवर किंवा वेगळ्या कागदावर लिहून, एका तरी साक्षीदारासमोर सही करून कंपनीला कळवावं लागतं. पॉलिसी कोणाला देतोय, का देतोय, कोणत्या अटीवर, हेही लिहावं लागतं.

पॉलिसी विकत घेऊन पुढे विकणारी इन्शुअर पॉलिसी प्लस ही कंपनी आणि एलआयसी यांच्यात यावरूनच वाद झाला. एलआयसीने २००३ आणि २००५ मध्ये परिपत्रकं काढून असे व्यवहार नोंदवणं थांबवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये निकाल एलआयसीच्या विरोधात दिला.

पण तोपर्यंत कायदा बदलला होता. २०१५ च्या दुरुस्तीनुसार असाइनमेंट पॉलिसीच्या व्यापारासाठी आहे, खरी नाही किंवा पॉलिसीधारकाच्या हिताची नाही असं वाटलं, तर कंपनी ती नाकारू शकते. मात्र कारण लिहून ३० दिवसांत कळवावं लागतं. ते मान्य नसेल तर पुढच्या ३० दिवसांत विमा नियामक आयआरडीएआयकडे दाद मागता येते.

अमेरिकेत आजारी माणसाची पॉलिसी विकत घेण्याचा रीतसर धंदा आहे. १९११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या खटल्यात एका रुग्णाने ऑपरेशनसाठी आपली पॉलिसी डॉक्टरलाच १०० डॉलरला विकली होती. कोर्टाने तो व्यवहार वैध ठरवला. आपल्याकडे असा खुला बाजार नाही. म्हणून दारात आलेला माणूस सांगेल तोच भाव होतो.

सही केल्यावर काय होतं?

पॉलिसी कायमची दुसऱ्याच्या नावावर गेली, की वारस म्हणून लावलेलं बायको-मुलांचं नाव आपोआप रद्द होतं. मृत्यूनंतरची सगळी रक्कम घेणाऱ्याला मिळते. कंपनीकडूनच पॉलिसीवर कर्ज घेतलं तर मात्र वारसाची नोंद कायम राहते.

हिशोब असा बघा

समजा पॉलिसी ५ लाखांची आहे आणि आज सरेंडर केली तर २ लाख मिळतात. सरेंडर केली की २ लाखांवर विषय संपला. तेच कंपनीकडून कर्ज घेतलं, तर सुरू पॉलिसीवर साधारण सरेंडर रकमेच्या ९० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १ लाख ८० हजार मिळू शकतात. पुढे वाईट घडलंच तर ५ लाख आणि बोनसमधून कर्ज व व्याज वजा करून बाकी रक्कम घरच्यांना मिळते. आजार गंभीर असताना पॉलिसीची खरी किंमत याच रकमेत असते, आणि विकत घेणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

आधी काय करावं?

१. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेशनकार्डधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत आहेत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. हेल्पलाइन १५५३८८.

२. पॉलिसीत गंभीर आजाराचा रायडर आहे का ते शाखेत विचारा. असेल तर हयातीतच पैसे मिळू शकतात.

३. हप्ता चुकवू नका. मासिक हप्त्याला १५ दिवस, बाकीच्यांना ३० दिवसांची सवलत असते. बंद पडलेली पॉलिसी सुरू करताना तब्येतीची माहिती द्यावी लागते, आणि आजारी माणसाला कंपनी नकार देऊ शकते.

४. पैसे लागलेच तर आधी कंपनीचं कर्ज, सरेंडर शेवटी. हप्ते थांबले आणि कर्ज-व्याज सरेंडर रकमेच्या वर गेलं तर पॉलिसी बंद होऊ शकते, म्हणून व्याज भरत राहा. निव्वळ टर्म पॉलिसीवर सहसा कर्ज किंवा सरेंडर मिळत नाही. पण म्हणून ती सोडून देऊ नका, घरच्यांचा आधार तीच असते.

५. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या फॉर्मवर सही-अंगठा देऊ नका. मूळ पॉलिसी सावकाराकडे ठेवू नका. "बंद पॉलिसीचे पैसे काढून देतो" म्हणणाऱ्या फोनवर ओटीपी सांगू नका.

तक्रार कुठे?

आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाता येतं. आयआरडीएआयची हेल्पलाइन १५५२५५ आहे. बेकायदा सावकारीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था कार्यालयात करता येते.

पॉलिसी रुग्णाच्या नावावर असली तरी तिच्यावर घरच्यांचं पुढचं आयुष्य उभं असतं. म्हणून सही करण्याआधी वारस म्हणून नाव असलेल्या माणसाला सोबत घेऊन शाखेत जा आणि आजची सरेंडर रक्कम, मिळणारं कर्ज आणि मृत्यूनंतरची रक्कम हे तिन्ही आकडे लिहून घ्या.